मास्तर निळे पडतात

मास्तर निळे पडले हे पहिल्यांदा लक्षात आलं ते हॉल झाडणाऱ्या बाईंच्या. त्या म्हणाल्या, मास्तर, ओठांना शाई लागलीय. मास्तरांनी रुमालानं ओठ पुसले, रुमाल उघडून पाहिला, तो पांढराच होता. तेव्हा त्यांनी बाईंना डोळे तपासून घ्यायचा सल्ला दिला आणि तालीम पुढे चालू केली.

ते ओठ बँडमधल्या सगळ्यांनाच दिसत होते. पण मास्तरांच्या चेहऱ्यावर जे काही उमटेल तो संगीतातला भाव समजायचा, अशी त्या बँडची जुनी समजूत होती. क्लॅरिनेटवाल्याला वाटलं आज मास्तर फारच आतून हात हलवतायत, म्हणून त्यानंही जरा जास्तच जीव ओतला आणि नेहमीप्रमाणे तो चुकीच्या सुरात ओतला.

मास्तरांची मुलगी पहिल्या रांगेत कॉर्नेट वाजवायची. तिला घरात आणि बँडमध्ये सगळे धाकटी म्हणत. थोरली कोणी नव्हती, कधी झालीच नाही, पण मास्तरांना जागा राखून ठेवायची सवय होती. ओठांचं धाकटीला काही वाटलं नव्हतं. पण मास्तर ज्या खोक्यावर उभं राहून बँड चालवायचे त्या खोक्यावर ते हळूच बसले, तेव्हा तिनं धून अर्ध्यात टाकून कॉर्नेट खाली ठेवलं. अंगात ताप असो, छप्पर गळत असो, तिची आई जाऊन आठवडाही झालेला नसो, हा माणूस तालमीत कधी बसलेला तिनं पाहिला नव्हता.

तिनं मास्तरांची नखं बघितली. पाटीवरच्या पेन्सिलीच्या रंगाची झाली होती. मास्तर म्हणाले डोकं जरा जड आहे, बाकी काही नाही, पहिल्यापासून घ्या. हे एवढं वाक्य बोलायला त्यांना तीनदा श्वास घ्यावा लागला. मग ट्यूबा वाजवणारा पिंप उठला. त्याला पिंप का म्हणत हे तो दारातून आत आला की कळायचं. त्यानं मास्तरांना ट्यूबा उचलावा तसं उचललं. जड आणि सतत आवाज करणारी वस्तू वाहून नेण्याची त्याला सवय होतीच.

*

या सगळ्याच्या मुळाशी बूट होते.

बँडचे बूट पहिल्यापासून तपकिरी. स्पर्धेच्या नियमात मात्र पादत्राणं काळी हवीत असं होतं. मास्तर वर्षानुवर्षं तपकिरी बुटांत बँड उभा करायचे आणि वर्षानुवर्षं शेवटचा नंबर आणायचे. बूट काळे करा, असं बँडनं अनेकदा सुचवून पाहिलं. त्यावर मास्तर म्हणायचे, कान पायात असलेल्या परीक्षकांसाठी मी रंग बदलणार नाही. मग गेल्या वर्षी स्पर्धेच्या चिटणीसांनी भर मंचावरून विचारलं, की हा बँड आहे की मातीतून चालत आलेली वरात. मास्तर घरी आले, जेवले, आणि म्हणाले, काळे हवेत ना, मग असे काळे करतो की त्यांना त्यात स्वतःचं तोंड दिसेल.

मास्तर इरेला पेटले की काम दुसऱ्या कुणाला करू देत नसत. चामड्याच्या बाजारातून त्यांनी रंगाची एक बाटली आणली. लेबल नाही, वास मात्र असा की नाकातले केस उभे राहावेत. वाद्यांच्या खोलीत, ओल्या रंगावर धूळ बसू नये म्हणून खिडक्या लावून, त्यांनी सगळ्या बँडचे बूट चिंधीनं स्वतः रंगवले. हातमोजे घातले नाहीत, कारण हातमोज्यांनी ब्रशचा अंदाज येत नाही, आणि ब्रश तर ते वापरतच नव्हते. इतरांचे बूट आदल्या दिवशी रंगवून वाळत टाकले. स्वतःचा जोड सर्वांत शेवटी, त्या दिवशी सकाळी. दुसऱ्या दिवशी स्पर्धा, म्हणून तालीम बुटांसकट होती. तो वाळायला वेळ नव्हता, म्हणून ओलाच चढवला.

आणि एकदा चढवला की काढायचा प्रश्न नव्हता. बूट चढले की शेवटची धून होईपर्यंत उतरायचे नाहीत, हा त्या बँडचा पहिला नियम. फार पूर्वी एका बासरीवाल्यानं मध्यंतरात बूट काढून पाय मोकळे केले होते आणि कुत्र्यानं एक बूट पळवला. उरलेला कार्यक्रम त्यानं एका बुटावर वाजवला. तो एका बाजूला कलला, त्याच्या शेजारचा त्याच्याकडे कलला, आणि शेवटी शेवटी धूनच कलली. तेव्हापासून हा नियम.

*

कॅज्युअल्टीतली डॉक्टरीण तरुण होती आणि तिला हसायची सवय नसावी, किंवा असावी पण ड्यूटीवर नसावी. तिनं मास्तरांना ऑक्सिजनचा मास्क लावला, बोटाला ती चिमट्यासारखी मशीन लावली. मशीननं पंच्याऐंशी आकडा दाखवला. ऑक्सिजन वाढवला, तरी पंच्याऐंशी. पार शेवटपर्यंत सोडला, तरी पंच्याऐंशी.

"काका, छातीत दुखतंय का?"

"मी काका नाही," मास्तर मास्कमधून म्हणाले. "मास्तर."

छाती, फुप्फुसं, हृदय, सगळं जागच्या जागी होतं. मग तिनं मनगटातून रक्त काढलं आणि सिरिंज उजेडात धरली. धाकटीनं ती पाहिली. रक्त लाल नव्हतंच. कपात राहून गेलेल्या कोकोसारखं तपकिरी होतं. डॉक्टरीणबाईंनी त्यातला एक थेंब पांढऱ्या गॉजवर टाकला, शेजारी धाकटीचं बोट टोचून तिचा एक. थोडी हवा लागू दिली. धाकटीचा थेंब लालभडक होता. मास्तरांचा होता तसाच राहिला. रक्तसुद्धा वडिलांच्या वळणावर गेलंय, असं धाकटीच्या मनात आलं. जी गोष्ट एकदा तपकिरी ठरली ती हवेनं बदलायची नाही.

डॉक्टरीणबाईंनी मग एकच विचारलं, की आज सकाळपासून यांच्या अंगाला काय लागलंय. धाकटीनं खाली बघितलं. पलंगाच्या टोकाला ते बूट चमकत होते. खरंच त्यात तोंड दिसत होतं.

रंगाचं सगळं ऐकल्यावर डॉक्टरीणबाईंनी पिंपाला बाटली आणायला पिटाळलं, बँडमधल्या सगळ्यांना बूट काढून पाय साबणानं धुवायला आणि तपासणीला यायला सांगितलं, आणि सिस्टरना म्हणाल्या, यांचे बूट आधी उतरवा. तिथे घोडं अडलं. मास्तरांनी पाय आखडून घेतले.

ज्याच्या रक्तात प्राणवायू पोचत नाही असा माणूस एवढ्या जोरानं पाय आखडू शकतो, हे सिस्टरना पुस्तकात शिकवलेलं नव्हतं. तालीम संपलेली नाही, मास्तर म्हणाले. शेवटची धून राहिलीय. सिस्टरनी लेस धरली की ते घोटा फिरवायचे. त्यांचे डोळे मधूनच मिटत होते, पाय मात्र जागे होते.

धाकटीला हा माणूस माहीत होता. त्याच्याशी वाद घालून कुणी जिंकल्याचं घराण्याच्या इतिहासात नव्हतं. ती उशाशी गेली आणि वाद्य नव्हतं म्हणून तिनं शेवटच्या धुनेचं शेवटचं कडवं शीळ घालून वाजवलं. भर कॅज्युअल्टीत. पलीकडच्या पलंगावरच्या हात मोडलेल्या माणसानं दुसऱ्या हातानं कपाळावर मारून घेतलं.

"झाली शेवटची धून," ती म्हणाली.

मास्तरांनी डोळे उघडले. "तिसऱ्या ओळीत उतरलीस."

"नाही उतरले."

"उतरलीस. तो सूर वरून यायला हवा. तू खालून चढलीस, जिना असल्यासारखी."

"तुम्ही गाऊन दाखवा मग."

मास्तर मास्क बाजूला सारून तिसरी ओळ दाखवू लागले. ती दाखवून होईपर्यंत सिस्टरनी दोन्ही बूट, दोन्ही मोजे काढून पिशवीत बांधले होते आणि साबणाचं पाणी घोट्यापर्यंत आणलं होतं. पाय घोट्याखाली ठार काळे होते.

*

आतल्या मशीनवरून रक्ताचा रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाईंनी तो धाकटीला सांगितला आणि मास्तरांनाही, कारण ते एक डोळा उघडा ठेवून ऐकतच होते. रक्तात जे लोह असतं ते ऑक्सिजन धरतं आणि पोचवतं. रंगातल्या विषानं त्या लोहाला गंज चढल्यासारखं झालंय. जवळजवळ निम्मं रक्त कामातून गेलंय, आणि उरलेलं निम्मं ऑक्सिजन धरतं खरं, पण सोडायला तयार नाही. म्हणून बाहेरून कितीही ऑक्सिजन दिला तरी उपयोग नाही. आणखी वाढलं तर शुद्ध जाईल. त्याहून वाढलं तर माणूस जाईल. उपाय एक इंजेक्शन आहे. ते त्यांनी ट्रेमध्ये आणलं. ते गर्द निळं होतं.

मास्तर त्या सिरिंजकडे बराच वेळ बघत राहिले.

"मी निळा पडलोय," ते म्हणाले, "म्हणून तुम्ही माझ्यात निळं भरणार?"

"हो."

"रंगानं मरतोय, तर आणखी रंग."

"हो मास्तर. हाही एका प्रकारचा रंगच आहे."

मास्तरांनी नाही म्हटलं. सगळं आयुष्य त्यांनी नाही म्हणण्याचा रियाज केला होता आणि आता तो श्वास नसतानाही सुरेल लागला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमची शुद्ध हरपली तर मला मुलीला विचारावं लागेल. मुलगी म्हणाली, मी हो म्हणणार. मास्तर म्हणाले, मग मी शुद्ध सोडतच नाही. आणि त्यांनी डोळे ताणून उघडले. ते पुन्हा मिटले, त्यांनी पुन्हा उघडले. हे बघणं फार वाईट होतं. धाकटीला हसू आलं आणि त्याच हसण्यातून रडू येईल असं वाटलं, म्हणून तिला राग आला.

"बाबा, पितळ काळं पडलं तर तुम्ही काय करता?"

"पॉलिश."

"पॉलिश कुठल्या रंगाचं असतं?"

मास्तरांच्या कपाटातलं पॉलिश शेणाच्या रंगाचं होतं हे सगळ्या बँडला ठाऊक होतं.

"त्या रंगाचं होतं का कधी वाद्य? मग? हे तुमच्या लोखंडाचं पॉलिश आहे. निळं दिसलं म्हणून काय झालं."

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली, की हे फार चूक नाही. औषध शरीरातल्या एका यंत्रणेला जुंपतं आणि ती तो गंज उतरवते. मास्तरांनी धाकटीकडे असं बघितलं, की आपण हिला वाजवायला शिकवलं तेव्हा बोलायलाही शिकवलं ही चूक झाली. मग ते म्हणाले, द्या.

देण्याआधी दोन प्रश्न होते. पहिला, घरात कुणी मलेरियाच्या गोळ्या घेतल्यावर पिवळं पडलंय का, लघवी लाल झालीय का? ती यंत्रणा काहींच्यात जन्मतःच कमी असते आणि त्यांना हे औषध उलटतं. असं कुणी नव्हतं. मास्तरांना स्वतःला एकदा मलेरिया झाला होता, गोळ्यांचा पूर्ण कोर्स घेतला होता आणि पिवळे पडले नव्हते. दुसरा प्रश्न, रोजच्या गोळ्या कुठल्या?

"रक्तदाबाची एक."

"झोपेची? मनासाठी, उदास वाटतं म्हणून, अशी काही?"

"उदासपणा बासरीवाल्यांना होतो," मास्तर म्हणाले. "बँडमास्तरला परवडत नाही."

डॉक्टरीणबाईंनी सिरिंज सलाईनच्या नळीला जोडली आणि सरळ आवाजात सांगितलं, की अशी एखादी गोळी चालू असेल तर तिच्याशी या औषधाचं पटत नाही. अंग थरथरतं, ताप चढतो, कधी जिवावर बेततं. नसेल तर औषध सुरू करतेय.

मास्तरांनी उजवा हात वर केला. तळवा पुढे, बोटं जुळलेली. या हातापुढे सगळा बँड एका ठोक्यात थांबायचा. डॉक्टरीणबाईंनी कुठल्याच बँडमध्ये कधी वाजवलं नव्हतं, पण त्याही थांबल्या.

"घेतो," मास्तर म्हणाले.

"काय घेता?" धाकटीनं विचारलं.

"ती. मनाची." ते तिच्याकडे न बघता छताकडे बघत बोलत होते. "तुझी आई गेल्यापासून. रक्तदाबाच्या डबीतच ठेवतो."

धाकटी त्याच घरात राहत होती. सकाळी चहा तीच द्यायची, चहाबरोबर डबीही तीच पुढे करायची.

"मला का नाही सांगितलं?"

"मास्तर उदास आहे कळल्यावर बँडनं वाजवायचं काय?"

पडद्यापलीकडे कुणीतरी खाकरलं. पिंप रंगाची बाटली घेऊन आला होता आणि कधीचा उभा होता. त्याच्या आकाराच्या माणसानं पडद्याआड लपणं म्हणजे पडद्यानंच त्याच्याआड लपण्यासारखं होतं. तो आत आला, बाटली डॉक्टरीणबाईंच्या हातात दिली आणि स्वतःच्या अनवाणी पायांकडे बघत म्हणाला, "मास्तर, मीपण घेतो. ढोलवालापण घेतो. क्लॅरिनेटवाला तर दोन घेतो. आम्हाला वाटायचं तुम्हाला कळलं तर तुम्ही काढून टाकाल."

मास्तरांनी छतावरची नजर पिंपाकडे वळवली.

"मग आपल्यात ठीक आहे तरी कोण?"

"झांजवाला," पिंप म्हणाला.

"तो बेताल आहे," मास्तर म्हणाले.

*

डॉक्टरीणबाई तोवर फोनवर त्यांच्या वरिष्ठांशी बोलून आल्या. व्हिटॅमिन सी शिरेतून देता येतं, पण त्याला वेळ लागतो आणि मास्तरांकडे तो नाही. रक्त बदलता येतं, त्याची तयारी सुरू केलीय, तीही लगेच होणारी नाही. निळं औषध द्यावंच लागेल, फक्त मात्रा कमी ठेवायची, मनाची गोळी काही काळ बंद, आणि डोळ्यांत तेल घालून बसायचं. न देण्यात धोका जास्त आहे, असं त्या म्हणाल्या आणि ते त्यांनी गोड करून सांगितलं नाही. धाकटीला त्या पहिल्यांदा आवडल्या.

"लक्ष कशावर ठेवायचं?" तिनं विचारलं.

"थरथर, घाम, ताप. उगाच चिडचिड."

"चिडचिड सोडून बाकी तिन्हीवर ठेवते."

औषध हळूहळू आत गेलं. नळी निळी झाली, कोपराजवळची शीर निळसर दिसली. मास्तर तिकडे असे बघत होते, जसं कुणी दुसऱ्याच बँडचा गणवेश त्यांच्या अंगावर चढवतंय. आणि मशीनचा पंच्याऐंशी, जो सकाळपासून ढिम्म हलला नव्हता, तो हलला. खाली. ऐंशी झाला, सत्तरच्या घरात गेला, मशीन केकाटायला लागली. सिस्टरनी मान वर केली. पिंपानं देवाचं नाव घेतलं, नंतर दुसऱ्याही एका देवाचं, खबरदारी म्हणून. आकडा साठाच्या घरात आला.

डॉक्टरीणबाईंनी हात लांबवून मशीनचं तोंड भिंतीकडे फिरवलं.

"मशीनला औषधाचा रंग दिसतोय, रक्ताचा नाही. ती आता काहीही बडबडेल. माणसाकडे बघा."

"पण साठ..."

"माणसाकडे."

धाकटीनं आयुष्यभर त्या माणसाच्या हाताकडे बघितलं होतं. हात उठला की फुंकायचं, पडला की थांबायचं. आता हात चादरीवर पडून होता आणि त्यावरून काही कळत नव्हतं. म्हणून तिनं कान निवडला, डावा, उशीला न लागलेला. राखाडी होता, कडा जांभळी. ती त्या कानाकडे बघत बसली आणि मनात म्हणत राहिली, की तुमचं नाही म्हणणं आजवर सगळ्या जगावर चाललं, आता एकदा या विषावर चालवा. मेलात तर बघा. उद्या स्पर्धेत बँड झांजवाल्याच्या हातात देईन.

कपाळाला हात लावला, ताप नव्हता. हातात थरथर नव्हती. मशीन भिंतीला काहीतरी सांगत होती. आणि कानाची पाळी, आधी वाटलं खिडकीतून ऊन आलं असेल, पण ऊन दुसऱ्या बाजूला होतं. पाळी गुलाबी होत होती. मग कानाची कडा. मग ओठांच्या मधोमध एक रेघ.

"तू माझ्या कानात काय बघतेयस?" मास्तर म्हणाले. हे वाक्य त्यांनी एका श्वासात म्हटलं.

दुसरं रक्त काढलं ते लाल होतं. डॉक्टरीणबाईंनी त्याचा थेंब गॉजवर पहिल्या दोघांच्या शेजारी टाकला. त्या हसल्यासारख्या वाटल्या, पण खात्रीनं सांगता येणार नाही.

*

दुपारनंतर चिटणीस भेटायला आले. हातात फळं, चेहऱ्यावर सुतक. मास्तर वॉर्डातल्या पलंगावर बसले होते, ओठ ठीक, चेहरा ठीक, सलाईन चालू. डॉक्टरीणबाईंनी त्यांना दुसऱ्या दिवशीही तिथेच राहायला बजावलं होतं, कारण विष अंगात दबा धरून असतं आणि रक्त पुन्हा फिरू शकतं. मास्तरांनी नाही म्हटलं होतं. त्यावर त्याही नाही म्हणाल्या होत्या, आणि कधी नव्हे ते मास्तर हरले होते.

चिटणीसांनी हळू आवाजात विचारलं, की हृदयाचं का.

"बुटाचं," मास्तर म्हणाले.

चिटणीसांना वाटलं औषधामुळे भरकटलेत. त्यांनी डॉक्टरीणबाईंनी घरून मागवलेल्या, उशाशी ठेवलेल्या डबीकडे बघत विचारलं, की या गोळ्या कसल्या. धाकटीनं मास्तरांकडे बघितलं. रक्तदाबाच्या, असं म्हणून तिला ते निभावून नेता आलं असतं. तिनं तोंड उघडलंही.

"एक रक्तदाबाची," मास्तर म्हणाले, आणि बँडच्या मागच्या रांगेपर्यंत ऐकू जावं अशा आवाजात पुढे म्हणाले, "दुसरी मनाची. बायको गेली तेव्हापासून घेतो. ती लपवली म्हणून आज मरत होतो. तुम्हालाही हव्या असतील तर डॉक्टरांचा पत्ता देतो."

आजूबाजूच्या पलंगांवरचे लोक चिटणीसांकडे बघू लागले, जणू गोळी खरं तर त्यांचीच आहे. चिटणीसांनी फळं एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग त्यांनी मूळ मुद्दा काढला. बँडचे सगळे बूट डॉक्टरांनी पिशव्यांत बांधून नेलेत असं कानावर आलंय. सहानुभूती पूर्ण आहे, पण नियम तो नियम. यंदापासून काळ्या पादत्राणांशिवाय मंचावर चढताही येणार नाही. यंदा माघार घेतलीत तर कुणी काही म्हणणार नाही.

"आम्ही वाजवणार," धाकटी म्हणाली.

"कसे?"

"अनवाणी. बाद करायचं तर वाजवून झाल्यावर करा. ऐकायला तर लागेल."

चिटणीस मास्तरांकडे वळले. शेवटी निर्णय मास्तरांचा, असं ते म्हणाले.

मास्तरांनी पलंगाच्या कडेला अडकवलेली लघवीची बाटली उचलून उजेडात धरली. औषध बाहेर पडत होतं. ती मोरपिसासारखी निळी-हिरवी चमकत होती.

"मी उद्या इथे बसून हे करणार आहे," ते म्हणाले. "बँडचं हिला विचारा."

चिटणीस फळं घेऊनच परत गेले. धाकटी जायला उठली. खाली दारात सगळे तिची वाट बघत उभे होते आणि उजेड होता तोवर अख्खी तालीम करायची राहिली होती. मास्तरांनी तिला हाक मारली. ती थांबली, की आता काहीतरी बोलतील.

"तिसरी ओळ," मास्तर म्हणाले. "वरून."